पाटील, वाडा आणि नट : निळू फुले यांच्या अभिनयाचा एक अन्वयार्थ

१

मराठी नाट्यसमीक्षा प्राधान्याने संहिताकेंद्री राहिली आहे. नाटककाराने काय लिहिले याची ती कसून चिकित्सा करते. नटाने काय केले हे मात्र शेवटच्या एखाद्या परिच्छेदासाठी राखून ठेवते. चित्रपटसमीक्षेत संहितेची जागा दिग्दर्शक घेतो आणि उरलेले श्रेय नायकाच्या वाट्याला जाते. चरित्रनट या दोन्हींच्या फटीत सापडतो. त्याच्याविषयी लिहिले जाते ते आठवणींच्या रूपात, आणि आठवणींचा कल कलावंतापेक्षा माणसाकडे झुकलेला असतो.

निळू फुले यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतरच्या लेखनात एक विरोधाभास सातत्याने मांडला गेला : पडद्यावर दुष्ट, जीवनात सज्जन, पडद्यावर स्त्रियांचा छळ करणारा, जीवनात राष्ट्र सेवा दलाचा निष्ठावंत कार्यकर्ता. खेड्यापाड्यांतील स्त्रिया त्यांना पाहून शिव्याशाप देत, ही आठवण या विरोधाभासाला पुरावा म्हणून जोडली जाते. हा विरोधाभास ऐकायला गोड आहे. पण समीक्षेच्या दृष्टीने तो निष्फळ आहे. त्यात असे गृहीत धरलेले असते की, नटाचे विचारविश्व आणि त्याची कला यांचा परस्परांशी संबंध नाही. एक दुसऱ्याची केवळ भरपाई करते. हे गृहीत तपासून पाहणे आवश्यक आहे. फुले यांचा खलपुरुष त्यांच्या कार्यकर्तेपणाला छेद देणारा नसून त्यातूनच घडलेला आहे, असे मानले तर त्यांच्या भूमिकांचे वाचन कसे बदलते, हा खरा प्रश्न आहे.

२

फुले पुण्यात वाढले. तारुण्यात त्यांनी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केले आणि त्याच काळात ते सेवा दलाच्या कलापथकात रमले. दादा कोंडके, राम नगरकर यांच्यासारखे पुढे लोकप्रिय झालेले नटही याच परिसरातून आले. कलापथकाने तमाशाचा आकृतिबंध घेतला आणि त्यात लोकशिक्षणाचा आशय भरला. या प्रक्रियेत तमाशा 'शुद्ध' झाला की निस्तेज झाला, हा वाद वेगळा. येथे महत्त्वाचे आहे ते नटाला तेथे मिळालेले शिक्षण.

गण, गवळण, बतावणी, वग या क्रमात बतावणीचे स्थान विशेष आहे. तेथे नट पात्रात पूर्णपणे विरघळत नाही. राजा झालेला माणूस राजा नाही, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. तसे ते ठाऊक असावे अशीच योजना असते. सोंगाड्या त्या राजाची पगडी शब्दांनी उडवतो आणि राजाचे काम करणारा नट ती उडू देतो. सत्ता हे एक सोंग आहे, हे ज्ञान या आकृतिबंधाच्या घडणीतच आहे. याला लगेच ब्रेश्तचे नाव देण्याची घाई करण्याचे कारण नाही. ब्रेश्तला जे सिद्धान्त म्हणून मांडावे लागले, ते वगातील नटाला परंपरेने आयते मिळालेले असते. परंतु आयते मिळाल्यामुळेच त्याचा उपयोग कशासाठी करायचा, हा निर्णय त्याला स्वतः घ्यावा लागतो.

'कथा अकलेच्या कांद्याची' या वगनाट्याने फुले व्यावसायिक रंगभूमीवर स्थिरावले. अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी' (१९६८) मधील झेले अण्णा या भूमिकेने त्यांना चित्रपटात आणले. या प्रवासात एक गोष्ट हरवणे अटळ होते. वगात सत्ताधाऱ्यासमोर सोंगाड्या उभा असतो. चित्रपटाच्या चौकटीत तो असेलच असे नाही. म्हणजे सत्तेचे सोंग आणि त्या सोंगाची थट्टा ही दोन्ही कामे एकाच नटाच्या देहावर येऊन पडतात. फुले यांच्या अभिनयाचे वैशिष्ट्य येथून समजू लागते.

३

मराठी ग्रामीण चित्रपटातील पाटील हे एक साचेबंद पात्र. वाडा, फेटा, मिशा, बंदूक आणि परस्त्रीची अभिलाषा ही त्याची चिन्हे. हे पात्र पडद्यावर बळावत होते तेव्हा प्रत्यक्षात काय घडत होते, हे पाहण्यासारखे आहे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने वंशपरंपरागत मुलकी पाटीलकी संपुष्टात आणली. सहकारी साखर कारखाने, पतपेढ्या, शिक्षणसंस्था यांच्याभोवती सत्तेची नवी केंद्रे उभी राहू लागली. म्हणजे वतनदार पाटील कागदोपत्री संपत असतानाच पडद्यावरचा पाटील अधिक ठसठशीत होत होता. हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. नव्या सत्ताधाऱ्याचे नाव घेणे अवघड असते, तेव्हा लोकप्रिय कला जुन्या सत्ताधाऱ्याचा पोशाख बाहेर काढते.

या साच्याची एक मर्यादा मात्र गंभीर आहे. तो सत्तेच्या दुरुपयोगाचे रूपांतर कामवासनेत करतो. जमीन, पाणी, मजुरी, जात या प्रश्नांवरील अन्याय मागे सरतो आणि पाटलाचा 'स्वभाव' पुढे येतो. अन्याय व्यक्तीच्या दुर्गुणात साठवला की त्या व्यक्तीचा शेवट होताच अन्यायही संपल्याचे समाधान मिळते. व्यवस्था तशीच राहते. प्रेक्षक मात्र हलक्या मनाने घरी जातो.

फुले यांनी हा साचा नाकारला नाही. चरित्रनटाला तशी मुभा नसते. त्यांनी तो आतून बदलला. त्यांचा देह सडपातळ होता, आवाज काहीसा घोगरा आणि खालच्या पट्टीतला. पाटलाला लागणारे धिप्पाडपण त्यांच्याजवळ नव्हते. त्यामुळे सत्ता दाखवण्यासाठी त्यांना देहबळाऐवजी सैलपणाचा आधार घ्यावा लागला. त्यांचा पाटील ओरडत नाही. तो बसतो, टेकतो, डोळे अर्धवट मिटून समोरच्याचे बोलणे संपू देतो, मग एखादे वाक्य अर्ध्यावर सोडतो. उरलेले अर्धे वाक्य ऐकणाऱ्याने भीतीने पूर्ण करायचे असते. ज्याचा हुकूम मोडला जाण्याची शक्यता असते तो आवाज चढवतो. ज्याला ती शक्यताच ठाऊक नसते तो कुजबुजतो. सत्तेविषयीचे हे निरीक्षण संवादांत नाही. ते नटाचे आहे, आणि गावगाड्याकडे बारकाईने पाहणाऱ्या कार्यकर्त्याला सुचावे असे आहे.

४

या निरीक्षणाला अनुरूप संहिता मिळाली ती विजय तेंडुलकर लिखित आणि जब्बार पटेल दिग्दर्शित 'सामना' या चित्रपटात. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या या चित्रपटातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखानदार आहे. साच्यातील पाटलाने टाकून दिलेला काळ येथे परत येतो : वाडा आहे, पण त्याच्याभोवती कारखाना आणि संस्था आहेत. डॉ. श्रीराम लागू यांचा मद्यपी मास्तर या साम्राज्यात शिरतो आणि मारुती कांबळेचे काय झाले, हा एकच प्रश्न धरून बसतो.

हिंदुरावाची भूमिका श्रेष्ठ ठरते ती त्याच्या आतिथ्यामुळे. तो मास्तराला ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, आपला पसारा अभिमानाने दाखवतो. फुले यांनी हे आदरातिथ्य खोटे ठरवलेले नाही. हिंदुरावाला मास्तर खरोखर आवडतो. त्याच्याकडून आपल्याला मान्यता मिळावी असे त्याला वाटते. उपकार करणे आणि ताब्यात घेणे यांत या माणसाला फरक दिसत नाही, आणि तो दिसत नाही हीच त्याची शोकांतिका आहे. येथे स्त्रीलंपटपणाची सोय उपलब्ध नाही. प्रेक्षकाला दुर्गुणाचा तिरस्कार करून सुटता येत नाही. त्याला विकास, दातृत्व आणि खून एकाच माणसात पाहावे लागतात.

'सिंहासन' (१९७९) मध्ये ही रचना उलटते. अरुण साधू यांच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या चित्रपटात फुले पत्रकार दिगू टिपणीस झाले. सत्ता भोगणारा नट आता सत्ता पाहणारा झाला. दिगू सर्व जाणतो आणि काहीच बदलू शकत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. वगाच्या चौकटीत सोंगाड्याचे हसणे राजाला उघडे पाडते. दिगूचे हसणे फक्त त्याला स्वतःला उद्ध्वस्त करते. लोकनाट्यातून आलेल्या नटाच्या तोंडून ते हसू येते, तेव्हा विनोदाच्या सामर्थ्यावरील एका पिढीचा विश्वास संपल्याची ती नोंद ठरते.

या दोहोंच्या आधी, १९७२ मध्ये, कमलाकर सारंग दिग्दर्शित 'सखाराम बाइंडर' रंगभूमीवर आले होते. सेन्सॉरची बंदी आणि उच्च न्यायालयातील लढा यांमुळे त्याची चर्चा श्लील-अश्लीलतेभोवती फिरली. सखारामच्या भूमिकेतील सत्तामीमांसा मात्र दुर्लक्षित राहिली. सखाराम पाटील नाही. छापखान्यात बाइंडिंगचे काम करणारा, ब्राह्मण्य झुगारलेला माणूस आहे. तरीही घरात आणलेल्या प्रत्येक स्त्रीला तो आपले नियम ऐकवतो. दोन खोल्यांचा हा वाडाच आहे. नाटकाच्या अखेरीस चंपाचा खून केल्यावर तो गोठून जातो आणि सूत्रे लक्ष्मीच्या हाती जातात. सत्ता हे सोंग आहे आणि ते गळून पडल्यावर आत कोणीच नसते, हे वगाचे ज्ञान येथे विनोदाशिवाय, भयाच्या रूपात प्रकटते.

५

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. 'सामना' आणि 'सिंहासन' ही शिखरे. पण फुले यांच्या चित्रपटांतील मोठा भाग साचेबंद खलभूमिकांचा आहे. हिंदीतही, 'सारांश' (१९८४) मधील गजानन चित्रे यासारख्या भूमिकांत, त्यांच्या वाट्याला मुख्यतः दुष्टपणाच आला. पाटलाला इतके आकर्षक, इतके अनुकरणीय करून त्यांनी त्या साच्याला दीर्घायुष्यच दिले नाही काय? नकलाकारांनी वाड्यावर बोलावण्याचे एक वाक्य त्यांच्या नावावर रूढ केले आणि ते आजही टाळ्या घेते. स्त्रीच्या भयाचा विषय असलेला प्रसंग करमणुकीचे वाक्य होऊन बसला आहे.

हा आक्षेप फेटाळता येणार नाही. चरित्रनट आपल्या देहाने साचा सखोल करू शकतो. कथानकाची दिशा बदलणे त्याच्या हाती नसते. व्यवस्थेवरील भाष्य व्यक्तीच्या दुर्गुणात आटवणाऱ्या पटकथांत फुले यांची निरीक्षणे अनेकदा वाया गेली, हे मान्य केले पाहिजे. ही मर्यादा केवळ त्यांची नसून, त्यांच्यासाठी दुसरे काही लिहू न शकलेल्या ग्रामीण चित्रपटाची आहे. जयवंत दळवींच्या 'सूर्यास्त' मध्ये गांधीवादी अप्पाजींची भूमिका मिळाल्यावर तोच खालचा आवाज सत्तेऐवजी नैतिक थकव्याचा वाहक झाला. हा नट आणखी कोठवर जाऊ शकला असता, याची कल्पना त्यावरून येते.

नकलेच्या संदर्भात मात्र एक भेद करावा लागेल. नकलेत आवाज उरतो, थांबणे उरत नाही. फुले यांच्या अभिनयाचा अर्थ त्या थांबण्यात होता : वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याला त्याचे भय पूर्ण करू देण्यात. तेथे प्रेक्षक सत्तेला हसत नाही. आपणही ते वाक्य मनातल्या मनात पूर्ण केले, हे त्याच्या लक्षात येते. शिव्याशाप देणाऱ्या स्त्रियांचे म्हणूनच भाबड्या प्रेक्षक म्हणून कौतुक करण्याचे कारण नाही. त्या नटाला आणि पात्राला एक समजत होत्या असे म्हणण्यापेक्षा, पडद्यावरच्या त्या माणसाला त्या आधीपासून ओळखत होत्या, असे म्हणणे अधिक योग्य होईल. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार फुले यांना १९९१ मध्ये मिळाला. त्यांच्या कलेचे सर्वांत काटेकोर वाचन मात्र त्या शिव्यांनी बरेच आधी करून ठेवले होते.