रावणाची नऊ तोंडे कुठे गेली?

जोतिबाने रत्नासुर मारला, अंबाबाईने कोल्हासुर. कोल्हापूरजवळच्या कोडोलीच्या पंचक्रोशीत देवाची ओळख अशी असुराच्या नावासकटच सांगितली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छापील पौराणिक चित्राने मात्र या असुराचा धाक काढून घेतला. त्या चित्राचे गुणगान करताना ही हानी आपण मोजतच नाही. हानी केवढी, हे चित्रकथीच्या पोथ्यांशेजारी ती छापील चित्रे ठेवली की कळते. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत या पोथ्यांतली कागदावरची चित्रे एकेक करून दाखवत आणि कथा गात. पुण्याच्या केळकर संग्रहालयातही अशी चित्रे आहेत. त्यांतले राक्षस वीरांच्या तोडीस तोड उभे असतात. वटारलेले गोल डोळे, सपाट भडक रंग, रावणाच्या तोंडांची ओळ. मायावी शक्ती या चित्रकाराला खरी वाटते, म्हणून ती शरीराच्या मापात बसवण्याची गरज त्याला पडत नाही.

राजा रविवर्म्याच्या १८९५च्या ‘जटायुवधा’त रावणाला एकच तोंड आहे. धिप्पाड देह, हातात तलवार, कवेत सीता. हा नाटकातला खलपुरुष झाला. तैलरंगात दहा तोंडे पटली नसती, असा बचाव होऊ शकतो. पण दोष तैलरंगाचा किंवा युरोपीय शिक्षणाचा म्हणता येणार नाही. त्याच शतकात गुस्ताव्ह दोरेने दान्तेचा नरक रेखाटला, आणि १८७०मध्ये लंडनला निघालेल्या रिचर्ड बर्टनच्या विक्रम-वेताळाच्या पुस्तकात अर्नेस्ट ग्रिसेने आपलाच वेताळ उलटा टांगला. युरोपाकडे दोन्ही वाटा होत्या. आपण शालीन, शरीरशास्त्रशुद्ध अशी एकच उचलली.

यावर म्हणतील, रविवर्मा छापखान्याने कालीही छापली, ती काय सौम्य आहे? नाही. पण तिथे उग्रता देवीची आहे. असुर आधीच संपलेला. दुसरी हरकत अधिक वजनदार आहे. १८९४ला मुंबईत सुरू झालेल्या या छापखान्यामुळे, ज्यांना देवळाची पायरी बंद होती त्यांच्याही भिंतीवर देव आला. हे ऋण मी पूर्ण मानतो. मात्र रोज हात जोडायच्या चित्रात भय मावत नाही, आणि चित्र मुख्यतः पूजेसाठीच छापले जाऊ लागल्यावर कथेतला अर्धा भाग चित्राबाहेर पडला.

हा बाहेर पडलेला भाग परतला कोल्हापुरात, सिनेमाच्या पडद्यावर. बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार. त्यांच्या ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवध इतका अंगावर येणारा होता की ते दृश्य कापावे लागले. लोकांना भय नको होते म्हणून छापील चित्राने ते टाळले, हा समज या एका दृश्याने खोडला जातो. पिंगुळीचे चित्रकथी कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली, याचा आनंद आहेच. पण चित्रकथीला केवळ लोककलेच्या दालनात बसवून रविवर्म्यापासून आधुनिक चित्रकलेचा आरंभ मानणारी मांडणी अर्धवट आहे. आपल्या कला-इतिहासात या दोघांना समोरासमोर ठेवूनच पाहिले पाहिजे.