चेरॉनचे दोन रंग आणि मसूरचे स्टेशन

यंदाच्या वर्षावासात पालि अभ्यासवर्गाच्या निमित्ताने पाचगणीस आमचा मुक्काम होता. पावसामुळे सायंकाळी बाहेर पडणे अशक्य झाले, तेव्हा विद्यार्थ्यांसमवेत आम्ही ‘स्टार ट्रेक’ या गाजलेल्या अमेरिकन विज्ञानकथा-मालिकेचा एक जुना भाग पाहिला. त्याचा विषय आपल्या चळवळीच्या जिव्हाळ्याचा असल्याने त्याची चिकित्सा येथे करीत आहोत.

१० जानेवारी १९६९ रोजी अमेरिकेत प्रथम प्रक्षेपित झालेल्या या भागात चेरॉन नावाच्या ग्रहावरील दोन पुरुष अंतराळयानावर येतात. दोघांचेही अर्धे अंग काळे व अर्धे पांढरे आहे. बील हा सत्ताधारी वर्गाचा अधिकारी, तर लोकाय हा दास्याविरुद्ध उठलेला बंडखोर. बील पन्नास हजार वर्षे त्याचा पाठलाग करीत आहे. कप्तान कर्क यास दोघांत काही भेदच दिसत नाही. तेव्हा बील सांगतो की, आपली उजवी बाजू काळी आहे आणि लोकायची पांढरी! शेवटी कळते की, परस्परद्वेषाने चेरॉनवरील सर्व प्रजा नष्ट झाली आहे. तरीही ते दोघे त्या उजाड ग्रहावर एकमेकांचा पाठलाग करीत राहतात.

भेद दाखविल्याखेरीज दिसत नाही, हे या कथेचे मर्मस्थान होय. ते पाहताना आम्हांस याच सातारा जिल्ह्यातील मसूरचे स्टेशन आठवले. १९०१ च्या सुमारास बाल भीमराव भाऊ व भाच्यांसह वडिलांकडे गोरेगावला निघाले असता तेथे उतरले. नीटनेटक्या पोशाखातील त्या मुलांची स्टेशनमास्तरने आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्याचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून त्यांना बैलगाडी मिळाली. वाटेत पाणी मात्र मिळाले नाही. चेरॉनवर निदान रंग तरी होता. मसूरला एका शब्दाखेरीज काहीही नव्हते.

वासेट्ठसुत्तात तथागतांनी हाच मुद्दा मांडला आहे. गवत, झाडे, कीटक, चतुष्पाद, मासे, पक्षी यांच्यात जातिभेद दाखविणारी चिन्हे निसर्गतः आढळतात. मनुष्यांत तशी आढळत नाहीत. मनुष्याची ओळख त्याच्या कर्माने होते. येथवर ही मालिका आणि सुत्त यांचा सूर जुळतो.

परंतु पुढे आमचा मतभेद आहे. लेखकाने बील आणि लोकाय यांना एकाच तराजूत तोलले आहे. एकाने दास्य लादले, दुसऱ्याने ते भोगले. तरी शेवटी दोघेही सारखेच द्वेष्टे ठरतात. द्वेष कोठून उपजला, हा प्रश्न बाजूला पडतो. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्यास हे पटणारे नाही. चक्कवत्तिसीहनादसुत्तात राजा निर्धनांना धन देत नाही, म्हणून दारिद्र्य वाढते. दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. विनाशाची साखळी राज्यकर्त्याच्या अन्यायापासून सुरू होते, पीडिताच्या संतापापासून नव्हे.

एका प्रसंगी यानावरील तरुण लोकायला सांगतात की, पृथ्वीवरील छळ ही विसाव्या शतकातील जुनी गोष्ट झाली. २००६ चे खैरलांजी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वाक्य ऐकून हसू येणार नाही.

“मग लोकायने काय करावयास हवे होते?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. या प्रश्नाचे उत्तर मालिकेत नाही. आपल्या इतिहासात आहे. १९२७ साली महाडच्या तळ्यावर बाबासाहेबांनी कोणाच्या रक्ताची मागणी केली नाही, तसेच अन्याय विसरून जाण्याचा उपदेशही केला नाही. त्यांनी माणुसकीचा हक्क बजावला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, ज्या धर्मव्यवस्थेने तो शब्द कपाळी मारला होता, तीच त्यांनी त्यागली. वैराने वैर शमत नाही हे खरेच. परंतु वैराचे कारण तसेच ठेवून मैत्रीचा उपदेश करणे हा धम्म नव्हे.

या मर्यादेसह हा भाग आमच्या उपासक-उपासिकांनी मुलांना अवश्य दाखवावा आणि तो संपताच मसूरची कथा सांगावी.