पाहुण्या आवाजाचे काम

आशा भोसले यांचे नाव परदेशी रॉक गायकाशेजारी छापून आले की आपल्याकडे त्याची बातमी होते, समीक्षा होत नाही. मराठी आवाज सातासमुद्रापार गेला, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. त्या गाण्यात या आवाजाला काम काय दिले होते? संगीताचे रीतसर शिक्षण नसलेल्या, बदनापुरात बसून तबकड्या-कॅसेटी ऐकत आलेल्या मला हाच प्रश्न पहिला वाटतो.

'वन जायंट लीप' या ब्रिटिश जोडीच्या 'द वे यू ड्रीम'मध्ये आशाबाईंबरोबर 'आर.ई.एम.'चा मायकेल स्टाइप आहे. जेमी कॅटो आणि डंकन ब्रिजमन देशोदेशी हिंडून कलावंतांना गाठत आणि आधीच्या ध्वनिमुद्रणावर नवा थर चढवत. वेगवेगळे गाणे हा दोष नव्हे. तयार ट्रॅकवर गाणे पार्श्वगायिकेला नवे नसते. पण तिला प्रसंग लागतो. कोण, कोणाला, कशासाठी म्हणते आहे, हे ठाऊक असावे लागते. १९४३ च्या 'माझा बाळ'पासून आशाबाईंचा गळा त्यावरच घडला. इथे प्रसंगच नाही. स्वर सुरेख लागतो, पण अत्तरासारखा शिंपडलेला राहतो.

२००६ च्या 'यू आर द वन फॉर मी'मध्ये पाहुणा आहे ब्रेट ली. हा ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज 'सिक्स अँड आउट' या रॉक बँडमध्ये बास गिटार वाजवी. गळा बेताचा, चाल साधी. तरीही दोन माणसे एकमेकांशी बोलत आहेत, हे कानाला कळते. म्हणूनच सत्तरी ओलांडलेल्या आशाबाईंच्या खट्याळपणाला इथे जागा मिळते. गाणे म्हणून ते पहिल्यापेक्षा हलके आहे. आवाजाचा मान मात्र त्यात अधिक राखला गेला.

तिसरे उदाहरण 'कॉर्नरशॉप'च्या १९९७ च्या 'ब्रिमफुल ऑफ आशा'चे. त्यात आशाबाईंचा एक स्वरही नाही. तजिंदर सिंग गातो ते पार्श्वगायनाविषयी आणि ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीविषयी. लता आणि रफी यांचीही नावे येतात. नॉर्मन कुकने वेग वाढवून केलेले त्याचे रूप फेब्रुवारी १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पाय थिरकले खरे, पण मूळ गाण्यातला सावकाश, घरगुती जिव्हाळा त्या घाईत पातळ झाला. मूळ रूपच मला मोलाचे वाटते. पडद्यावर ओठ दुसऱ्याचे आणि आवाज तिचा, ही पार्श्वगायिकेची अवस्था स्थलांतरितांच्या मुलाने नेमकी ओळखली होती.

पार्श्वगायिका जन्मभर दुसऱ्याच्या चेहऱ्यात पाहुणी असते. तिला पुन्हा पाहुणी म्हणून बोलावणाऱ्याने निदान तिचे काम ओळखावे. आपणही अभिमान जरा बाजूला ठेवून एक कसोटी लावावी: आवाज काढून घेतला तर गाण्याचे काय अडते? काहीच अडत नसेल, तर तो पाहुणचार नव्हे. ती केवळ नावाची पाटी.