उत्कंठा की टांगणी?

दलित कथेत उत्कंठा नसते, पुढे काय होणार ते आधीच कळते, हा आक्षेप जुना आहे आणि चर्चासत्रांतून तो अजूनही डोके वर काढतो. आमच्या वर्गातली मुले तर मार्गदर्शिकेतून पाठ केलेला ‘उत्कंठावर्धक’ हा शब्द बाबूराव अर्नाळकरांना आणि बाबूराव बागुलांना सारखाच चिकटवतात. तेव्हा आक्षेपाला उत्तर देण्याआधी शब्दच तपासला पाहिजे.

इंग्रजीतला ‘सस्पेन्स’ ज्या लॅटिन धातूवरून आला त्याचा अर्थ टांगणे. त्याच धातूचा ‘सस्पेन्ड’ आपल्या कचेऱ्यांनी ‘निलंबित’ करून घेतला. लंब् म्हणजे लोंबणे, भाषांतर चोख आहे. समीक्षकांनी मात्र ‘उत्कंठा’ उचलली. उत्कंठा म्हणजे मान उंचावून वाट पाहणे. विरहिणीला उत्कंठा असते, नाटकाचा पडदा वर जाण्याची उत्कंठा असते. जे यायचे ते हवेहवेसे आहे, हे तिथे गृहीत धरलेले असते. दुसरा शब्द आपल्या घरातच होता. कामावर गेलेला माणूस रात्री परतला नाही की आमच्या आयाबाया ‘जीव टांगणीला लागला’ म्हणत. इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ या बोलीत शाबूत आहे. पण बोलीतला शब्द समीक्षेच्या ओसरीवर कोण बसू देणार?

शब्द बदलला की कथा वेगळी वाचावी लागते. अर्नाळकरांचा झुंजार किंवा काळापहाड संकटात सापडतो तेव्हा वाचक खुर्चीत पुढे सरकतो. नायक सुटणार याची हमी त्याला असते. कसा सुटणार एवढेच त्याला पाहायचे असते. ही उत्कंठा. तिचा आनंद मीही घेतला आहे, त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ घ्या. त्याच नावाचा संग्रह 1963 साली आला. रहस्यकथेचा लेखक जे शेवटच्या पानापर्यंत झाकून ठेवील ते बागुल शीर्षकातच सांगून टाकतात. हिचकॉकने 1962 साली त्रूफोशी बोलताना सांगितलेला भेद इथे उपयोगी पडतो. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटाने पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. माहीत असेल, तर साध्या गप्पाही पंधरा मिनिटे जीव खातात. बागुलांच्या कथेत बॉम्ब म्हणजे जात. रेल्वेत नोकरी लागलेला, परगावी राहायला जागा शोधणारा तरुण ती लपवतो. त्यामुळे कथेत कुणी आपुलकीने बोलले, कुणी जेवायला बोलावले, की तिथेच टांगणी सर्वांत ताणली जाते. उलट काशिनाथ जात उघड सांगतो आणि अंगावर येणाऱ्याला शिंगावर घेतो. त्याच्या प्रसंगांत मारामारी आहे, पण टांगणी नाही. त्याने ती स्वतःच तोडली आहे. हा विरोध ज्यांना दिसला नाही ते कथेला ‘प्रचारकी’ म्हणून मोकळे झाले.

ही कथा शिकवताना वर्गाचे दोन भाग पडलेले मला दिसतात. काही मुले ‘सर, पुढे काय झालं?’ म्हणून विचारतात. काही पुस्तकात मान घालून बसतात. त्यांतल्या एकाने तास संपल्यावर विचारले, ‘सर, त्यानं आडनाव काय सांगितलं असेल?’ गावाबाहेर खोली शोधलेल्या मुलाचा हा प्रश्न आहे. मार्गदर्शिकेत तो सापडायचा नाही.

मात्र आपल्या लेखकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव असते, मलपृष्ठावर पदव्या असतात. माणूस तरला हे वाचकाला विकत घेतानाच कळते. कित्येक आत्मकथने याच हमीवर चालतात: हाल, शाळा, नोकरी, सत्कार. त्यांतली टांगणी गळून पडते आणि सहानुभूती तेवढी उरते. प्रस्थापित वाचकाला ती फार सोयीची असते. दया पवारांनी ‘बलुतं’मध्ये (1978) ही सोय ठेवली नाही. तिथे दगडू मारुती पवार दया पवारांना आपली कहाणी सांगतो. एकाच माणसाचे हे दोन तुकडे समोरासमोर बसवल्यामुळे शिकलेला, नोकरीला लागलेला दया पवार खरोखर सुटला की नाही, हे पुस्तक मिटल्यावरही ठरत नाही.