वेगदेवाची फळी

'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हे नाव ऐकून मराठी कान टवकारले जातात, पण यातला 'इंडियन' आपल्यापैकी कुणी नव्हे. ती १९२० सालची 'इंडियन स्काउट' ही अमेरिकी मोटारसायकल. मूळची ताशी जेमतेम ५५ मैल धावणारी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलमध्ये राहणाऱ्या बर्ट मन्रोने १९६७ मध्ये तीच गाडी अमेरिकेत बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १८४ मैलांनी पळवली आणि १००० सीसीखालच्या गटात विक्रम केला.

रॉजर डोनाल्डसनचा २००५ चा हा सिनेमा सर्वांत खुलतो तो मन्रोच्या शेडमध्ये. अँथनी हॉपकिन्सने रंगवलेला म्हातारा जुने पिस्टन वितळवून नवे ओततो, सुरीने टायर तासतो. खऱ्या मन्रोने तर ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कनेक्टिंग रॉड घडवले होते. इथले लोक याला कुंपणाच्या तारेवरून 'नंबर एट वायर' वृत्ती म्हणतात. आपण हसून 'जुगाड!' म्हणतो.

माझी तक्रार इथेच आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. मन्रोने वेळ मारून नेली नाही, अख्खं आयुष्य घातलं. बॉनव्हिलला तो पहिल्यांदा १९६२ मध्ये गेला आणि पुढे पुन्हा पुन्हा जात राहिला. सिनेमा या सगळ्या फेऱ्या एकाच प्रवासात कोंबतो. त्याने गोष्ट पळते, पण मधली मोडतोड गळून जाते.

ती उरते फक्त शेडमधल्या एका फळीवर. तिथे निकामी झालेले भाग मांडलेले आणि वर लिहिलेलं, 'वेगदेवाला अर्पण'. डोनाल्डसनने १९७१ मध्ये खुद्द मन्रोवर माहितीपट केला, तेव्हा हेच शब्द त्याच्या नावात घेतले होते. सिनेमात मात्र ती फळी एक गंमत होऊन राहते.

दसऱ्याला आपण चालत्या यंत्राला झेंडूची माळ घालतो. मन्रोने देवापुढे ठेवले ते मोडलेले भाग. 'टाकाऊतून टिकाऊ' हे आपण मुलांना शिकवतो, पण ते अर्धंच आहे. स्वतःच्या हाताने घडवलेलंही कितीदा टाकाऊ ठरतं, हा उरलेला अर्धा भाग ती फळी सांगते.

हॉपकिन्ससाठी सिनेमा जरूर पाहा. मुलं बरोबर असतील, तर त्या फळीपाशी चित्र क्षणभर थांबवा.