मुखवट्याने डोंगर चढता येतो का?

पहाटे आष्ट्याहून सांगलीकडे निघालो, की रस्त्याच्या कडेने पोलीस भरतीसाठी 1600 मीटरचा सराव करणारी मुले दिसतात. अलीकडे त्यांतल्या एखाद्याच्या तोंडावर झडपा असलेला काळा रबरी मुखवटा असतो. तो लावून धावले की उंच डोंगरावर धावल्याचा लाभ होतो, असे विक्रेते सांगतात. झडपांवर हजारो फुटांचे आकडेही छापलेले असतात. ‘सर, हा घेऊ का?’ हा प्रश्न शाळेत आला तर उत्तर काय द्यावे?

आधी उंचीवर काय बदलते ते पाहू. ‘उंचावर हवेत ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते’ हे आपले नेहमीचे वाक्य मुळात सदोष आहे. प्रमाण आष्ट्यात 21 टक्के आणि महाबळेश्वरातही 21 टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला तो 760 मिलिमीटर (पाऱ्याचा) असतो. त्यात ऑक्सिजनचा वाटा सुमारे 159. साधारण साडेपाचशे मीटर उंचीच्या आष्ट्यात हा वाटा 149 च्या आसपास, साडेतेराशे मीटरवरच्या महाबळेश्वरात 135, तर अडीच हजार मीटरवर 117 च्या जवळ येतो. हा दाब घटला की फुप्फुसांतून रक्तात जाणारा ऑक्सिजन घटतो. मूत्रपिंडांना ही उणीव जाणवते, ती एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडतात आणि अस्थिमज्जेत तांबड्या पेशी अधिक तयार होऊ लागतात. मात्र त्यासाठी रोज अनेक तास, असे काही आठवडे त्या हवेत राहावे लागते.

मुखवटा यांतले काय करतो? तो हवेचा दाब कमी करत नाही. हवेची वाट अरुंद करतो. उच्छ्वासाची थोडी हवा त्यात अडकून पुन्हा आत जाते, त्यामुळे कार्बन डायॉक्साइड साचतो. उंचीवर नेमके उलटे घडते. तिथे माणूस जोरात श्वास घेतो आणि रक्तातला कार्बन डायॉक्साइड घटतो. शिवाय मुखवटा लावायचा तो अर्धा-पाऊण तास. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात 24 जणांनी सहा आठवडे सायकलवर कठोर सराव केला. काहींनी मुखवटा लावला, काहींनी नाही. दमश्वास दोन्ही गटांचा सुधारला, पण मुखवटा लावणाऱ्यांचे हिमोग्लोबिन वाढले नाही. श्वसनाशी निगडित एक-दोन मोजमापांत त्या गटाची थोडी प्रगती दिसली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे मुखवटा हे फार तर श्वसनस्नायूंच्या व्यायामाचे साधन. त्यावर छापलेले फुटांचे आकडे मात्र निराधार.

मग उंचीचे खरे अनुकरण होतच नाही का? होते. बंद खोलीत नायट्रोजन वाढवून ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे 15 टक्क्यांवर आणले, की समुद्रसपाटीलाही अडीच हजार मीटरची स्थिती मिळते. यामागे ‘राहा उंचावर, धावा खाली’ हे सूत्र आहे, कारण विरळ हवेत धावण्याचा वेगच मंदावतो. 1968 चे ऑलिंपिक 2,240 मीटर उंचीवरच्या मेक्सिको सिटीत झाले. तिथे दहा हजार मीटरची शर्यत 29 मिनिटे 27.4 सेकंदांत जिंकली गेली. तेव्हाचा विश्वविक्रम 27 मिनिटे 39.4 सेकंद होता! 1997 मध्ये लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी 39 धावपटूंवर हे सूत्र तपासले. 2,500 मीटरवर राहून 1,250 मीटरवर सराव करणाऱ्यांची पाच हजार मीटरची वेळ सरासरी 13.4 सेकंदांनी सुधारली. पण आपण कुठे राहतो हे त्या धावपटूंना ठाऊक होते. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात 16 खेळाडूंना चार आठवडे खोल्यांत ठेवले आणि कोणाच्या खोलीत विरळ हवा आहे हे कोणालाच कळू दिले नाही. दोन गटांत फरक आढळला नाही. तेव्हा खऱ्या अनुकरणाचा लाभही वादातीत नाही.

बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात असताना सियाचीनला होता आणि पुढे अमेरिकेत कोलोराडो स्प्रिंग्सला सराव करत होता, म्हणून मुले उंचीचे नाव घेतात. 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने 8 मिनिटे 11.20 सेकंदांत रौप्यपदक मिळवले, हे खरेच. पण त्या उंचीसोबत प्रशिक्षक, आहार, विश्रांती आणि वर्षानुवर्षांचा सराव होता. यश एकट्या उंचीच्या खात्यावर मांडणे हा तर्कदोष आहे.

आणि एक गोष्ट जाहिरातीत कधीच नसते. तांबडी पेशी घडवायला लोह लागते. लोहाचा साठा रिकामा असेल तर खऱ्या हिमालयातही हिमोग्लोबिन वाढणार नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. भरतीसाठी 800 मीटर धावणाऱ्या आपल्या मुली याच समाजातल्या आहेत. त्यांना मुखवट्याआधी रक्ततपासणी हवी. रक्तक्षय निघाला तर डॉक्टरी सल्ल्याने उपचार हवेत.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडी हवा घ्या, तोंड बोटाने दाबून दट्ट्या ओढा. आतली हवा तीच, दाब मात्र कमी. हा झाला डोंगर. मग बसल्या जागी अरुंद नळीतून दोन-तीन श्वास घ्या. दाब तोच, कष्ट मात्र वाढले. हा झाला मुखवटा. हा फरक ज्याला कळला, त्याला जाहिरातीतले आकडे फसवणार नाहीत.