एकाच कागदावरचे दोन आकडे

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बर्नआऊटवरचे आपल्याकडचे शोधनिबंध वाचायला घेतलेत, तर चारपाच निबंधांनंतर साचा लक्षात येतो. एक कॉलेज, दोन-अडीचशे विद्यार्थी, एक गूगल फॉर्म. फॉर्मच्या पहिल्या भागात बर्नआऊटची प्रश्नावली, दुसऱ्यात रेझिलिअन्सची. दोन्हींच्या गुणांचा सहसंबंध काढायचा. तो ऋण येतो, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली येते, आणि शेवटच्या परिच्छेदात शिफारस: विद्यार्थ्यांचं रेझिलिअन्स वाढवण्यासाठी कार्यशाळा घ्याव्यात. माझा स्वतःचा पहिला सिनॉप्सिस हुबेहूब असाच होता, तेव्हा ही टीका बाहेर उभं राहून केलेली नाही.

आधी शब्दांचं बघू. बर्नआऊटला मराठीत रुळलेला शब्द नाही. थकवा म्हटलं तर अपुरं पडतं, कारण थकवा झोपेनं जातो. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणारे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द तिथल्या कार्यकर्त्यांसाठी वापरला. १९८१ मध्ये क्रिस्टीना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी त्याची २२ प्रश्नांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे तीन भाग आहेत: भावनिक दमणूक, समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होतंय ही भावना कमी होणं. रेझिलिअन्सचं भाषांतर कुणी 'लवचिकता' करतं, कुणी 'चिवटपणा'. मला 'तग धरणं' जवळचं वाटतं. पण मराठीत आपण 'कशात तग धरला?' असं लगेच विचारतो. दुष्काळात, सासरी, नाईट ड्युटीत. प्रश्नावलीत हा 'कशात' गळून जातो. माझी मुख्य तक्रार हीच आहे. पुढचं सगळं तिचाच विस्तार.

आता तो ऋण सहसंबंध. तो खोटा नाही, पण त्यात नेमकं काय मिसळलंय ते बघा. दोन्ही प्रश्नावल्या एकाच मुलीनं, एकाच बैठकीत, त्याच मनःस्थितीत भरल्या. शिवाय प्रश्न एकमेकांत घुसलेले असतात. मास्लाकच्या तिसऱ्या भागात, मला अडचणी नीट हाताळता येतात का, अशा अर्थाचं विचारतात. कॉनर-डेव्हिडसनची २००३ ची २५ प्रश्नांची रेझिलिअन्स मोजपट्टी घ्या, तिथेही जवळपास तेच. म्हणजे सहसंबंधाचा काही भाग हा एका प्रश्नाचा स्वतःशीच असलेला सहसंबंध आहे. व्हायवात परीक्षकानं हे विचारलं तर काय सांगणार, याचा विचार आधीच करून ठेवा.

दुसरं, दिशा. सहा महिने धड झोप न मिळालेल्या इंटर्नला विचारलं, 'संकटानंतर तू पुन्हा उभी राहतेस का?', तर ती कमीच गुण देणार. मग तग कमी म्हणून ती करपली, की करपली म्हणून तग कमी झाला? एकदाच भरून घेतलेल्या फॉर्ममधून हे कळू शकत नाही. तरीही निबंधाच्या मथळ्यात 'परिणाम' हा शब्द असतोच.

आणि टक्के. 'आमच्या कॉलेजात इतके टक्के विद्यार्थी बर्नआऊटग्रस्त' हे वाक्य वाचलं की मी आता आधी 'पद्धती' विभागात जाते. २०१८ मध्ये लिसा रोटेनस्टाईन आणि सहकाऱ्यांनी जामा या नियतकालिकात डॉक्टरांच्या बर्नआऊटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा घेतला. ४५ देश, लाखाहून जास्त डॉक्टर. त्यात बर्नआऊट किंवा त्याचे भाग ठरवण्याच्या १४२ वेगवेगळ्या व्याख्या निघाल्या, आणि एकूण बर्नआऊटचं प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत पसरलेलं होतं. लेखकांनी सरासरी काढायचं नाकारलं. आढावा घेणाऱ्यानं सरासरी न काढणं म्हणजे लग्नात जेवण न वाढण्यासारखं आहे, पण त्यांचं बरोबरच होतं. मास्लाकच्या जुन्या मॅन्युअलमधला 'उच्च' गट हा मूळ नमुन्याचा वरचा एक तृतीयांश भाग होता, रोगनिदानाची रेषा नव्हे. नंतरच्या आवृत्तीतून त्या सीमारेषा काढूनही टाकल्या. आपल्याकडच्या निबंधांत त्या अजून सुखानं नांदताहेत.

एवढं बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मीही सोयीचंच वाचतेय असं होईल. २०२० मध्ये कॉलिन वेस्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले पाच हजारांहून जास्त डॉक्टर आणि साधारण तितकेच इतर नोकरदार यांची तुलना केली. तग धरण्याचा गुण वाढला की बर्नआऊटची शक्यता घटते, हे तिथेही दिसलं. म्हणजे संबंध आहे. पण त्याच निबंधात आणखी दोन गोष्टी आहेत. डॉक्टरांचा सरासरी गुण इतर नोकरदारांपेक्षा जास्तच निघाला. आणि ज्या डॉक्टरांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, त्यांच्यातही २९ टक्के बर्नआऊट सापडलं. हा अभ्यासही एकवेळचाच, रेझिलिअन्सचे प्रश्न फक्त दोन, त्यामुळे वरचे माझे आक्षेप त्यालाही लागू आहेत. तरीसुद्धा 'डॉक्टर मंडळी मनानं कच्ची पडतात' हे गृहीतक त्यातून उभं राहत नाही.

उपाय कुठे लागू पडतो, याबद्दल मारिया पानागिओटी यांच्या गटाचा २०१७ चा आढावा वाचाच. १९ नियंत्रित अभ्यास, १५५० डॉक्टर. एकूण फायदा छोटाच. पण माणसाला शिकवण्यापेक्षा कामाच्या जागी बदल केला, वेळापत्रक हलवलं, कामाचा भार कमी केला, तिथे तो जास्त दिसला. हे डॉक्टरांवरचे अभ्यास आहेत, विद्यार्थ्यांवरचे नाहीत. आपले रेसिडेंट मात्र कागदावर पदव्युत्तर विद्यार्थी आणि प्रत्यक्षात वॉर्ड चालवणारे कर्मचारी असतात, त्यामुळे त्यांच्यापुरता हा फरक फारसा उरत नाही. पहिल्या वर्षाला शरीररचनाशास्त्र घोकणाऱ्या मुलाचं वेगळं. त्याच्यासाठी मास्लाकची विद्यार्थी-आवृत्ती आहे. दोघांना एकाच फॉर्मात कोंबून 'वैद्यकीय विद्यार्थी' असा एकच आकडा काढू नका.

आपल्या देशातलं बोलायचं तर २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल आला. २५,५९० पदवीपूर्व आणि ५,३३७ पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी त्याची ऑनलाइन प्रश्नावली भरली होती. आपणहून भरलेली, त्यामुळे टक्केवारी जपून वाचायची. पण त्या अहवालाची एक शिफारस मला सगळ्या सहसंबंधांपेक्षा मोलाची वाटते: रेसिडेंटचं काम आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त नसावं, आणि आठवड्याला एक सुट्टी असावी. ७४ हा आकडा वादाचा आहे, आणि तो वाद व्हायलाच हवा. पण निदान तो मोजता येतो. २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीत 'वाजवी' तास असं म्हटलं होतं. 'वाजवी' कोणत्या घड्याळात मोजायचं? आणि फेब्रुवारी २०२४ मधला मार्डचा संप आठवा. वसतिगृहात जागा, विद्यावेतन. कार्यशाळा कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता माझं. पायलटसाठी एका कॉलेजात इंटर्नकडून फॉर्म भरून घेतले. गूगल फॉर्म नको, छापील घ्या, असं माझ्या गाईड मॅडमनी सांगितलं होतं; तेव्हा मला ती जुनी खोड वाटली. एका मुलीनं बर्नआऊटचं पान पूर्ण भरलं, रेझिलिअन्सचं कोरं ठेवलं आणि खाली पेनानं लिहिलं: "काल रात्री दोनला जेवले. हे कुठल्या पानावर लिहू?"

माझ्या फॉर्ममध्ये तसं पान नव्हतं. वय होतं, लिंग होतं, वडिलांचा व्यवसायसुद्धा होता. सलग किती तास ड्युटी, मागची सुट्टी कधी, जेवणाची वेळ कोण ठरवतं, यातलं काहीच नव्हतं. नियमानं पाहिलं तर तिचा फॉर्म अपूर्ण, म्हणून वगळायचा. वगळला असता तर उरलेल्यांचा सहसंबंध छान आला असता. ज्या दोघी त्या दिवशी ड्युटीवरून उठूच शकल्या नाहीत, त्यांचा तर फॉर्मही नाही.

सिनॉप्सिस बदलला. रेझिलिअन्सची मोजपट्टी काढलेली नाही, पण ती आता एकटी नाही. इंटर्नशिपच्या सुरुवातीला एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा, असे दोन फॉर्म. मधल्या काळातले तास विद्यार्थ्यांच्या आठवणीवर न सोडता युनिटच्या ड्युटी चार्टवरून घ्यायचे. गुण सीमारेषेनं न कापता सरासरी आणि पसारा द्यायचा. कोणी फॉर्म भरला नाही आणि ते तेव्हा कोणत्या पोस्टिंगला होते, याचा वेगळा तक्ता. मॅडम म्हणाल्या, "नमुना निम्मा होईल." होईलच.

नैतिकता समितीनं प्रश्नावल्यांना पहिल्याच बैठकीत मान्यता दिली. ड्युटी चार्ट मात्र 'प्रशासकीय दस्तऐवज' असल्यानं अधिष्ठातांची वेगळी परवानगी आणायला सांगितलंय. मनाबद्दल विचारायला हरकत नाही, वेळापत्रकाबद्दल विचारायला आहे. अर्ज देऊन सात आठवडे झाले. सोमवारी पुन्हा जाणार आहे.